करवतीपुढचं गाऱ्हाणं

माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शेवटचं पेर नाही. ही गोष्ट तो लपवत नाही. उलट कारखान्यात नवा कामगार आला की चहाच्या आधी ते बोट दाखवतो. पेर गेलं तेव्हा करवतीचं बटण बंद होतं. "चालू असताना सगळेच जपतात," तो म्हणतो, "माणूस कापला जातो तो बंद केल्यावर." बटण दाबलं तरी पातं काही वेळ फिरतच राहतं. आवाज मात्र उतरतो आणि माणसाला वाटतं, झालं. त्यालाही तसंच वाटलं होतं. एक बारीकसा तुकडा उचलायला त्याचा हात गेला आणि परत आला तो जरा आखूड होऊन.

तेव्हापासून सुरक्षितता या विषयावर माझा भाऊ कुठेही, केव्हाही आणि न विचारता बोलू शकतो.

त्याचा कारखाना रत्नागिरीबाहेर कातळावर आहे. कारखाना हा शब्द त्याचा; मी शेड म्हणते. तिथे स्वयंपाकघरातली कपाटं बनतात. हल्ली ज्या घरात कोणी धड स्वयंपाक करत नाही त्या घरालाही कपाटं भरपूर लागतात, त्यामुळे त्याचं बरं चाललं आहे. मी वाचनालयातून निवृत्त झाल्यापासून दुपारच्या चहाला तिथे जाते. घरी फार शांत असतं. आयुष्यभर लोकांना गप्प बसवण्याची नोकरी केलेल्या बाईला निवृत्तीनंतर शांतता सोसत नाही, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी भावाने सरकत्या टेबलाची मोठी करवत आणली. कामगार तिला पॅनल सॉ म्हणतात. मधे दातेरी गोल पातं, उजवीकडे स्थिर टेबल आणि डावीकडे रुळावरून पुढेमागे जाणारं लांब टेबल. लाकूड या सरकत्या टेबलावर आवळून बसवायचं आणि लाकडाऐवजी टेबल ढकलायचं. आडवा काप त्या मानाने सरळ. लाकडाच्या रेषांच्या दिशेने घ्यायचा लांब उभा काप मात्र फसवा. कापता कापता लाकडाने वर्षानुवर्षं धरून ठेवलेला ताण सुटतो, पडलेली चीर मागून मिटायला बघते, पात्याला चिमटा बसतो आणि अख्खी फळी उलटी येऊन लाथ मारते. तसं होऊ नये म्हणून पात्यामागे पोलादाची एक पातळ पाचर उभी असते. ती चीर मिटू देत नाही. पात्यावर टोपी असते ती वेगळीच. यंत्राबरोबर आलेलं जाडजूड माहितीपुस्तक त्या शेडमध्ये फक्त मी वाचलं आहे. वाचणारा मूर्ख असणार याची लिहिणाऱ्याला पहिल्या पानापासून खात्री होती. मला वाचनालयात ही खात्री पटायला बराच काळ लागला.

आता गावाकडची गोष्ट. आमचं गाव रत्नागिरीपासून आत, घाटाच्या बाजूला. शिमग्यात आमच्या ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. त्या पालखीची बैठक, म्हणजे देव ज्यावर बसतात ती खालची चौकट, वाळवीने आतून खाल्ली होती. देवस्थान समितीची बैठक बसली, म्हणजे माणसांची. समितीचे अध्यक्ष मुंबईत नोकरी करून गावी परतलेले गृहस्थ आहेत. 'नमस्कार' हा शब्दसुद्धा ते ठराव मांडल्यासारखा उच्चारतात. त्यांनी पालखी तयारच विकत आणायची सूचना केली. त्यावर सभामंडपात जी शांतता पसरली तशी मला नोकरीत कधी साधली नाही. मग ठरलं की एका घरी माळ्यावर फणसाची जुनी, चांगली सुकलेली फळी आहे, ती घ्यायची, आणि माझ्या भावाने ती आपल्या नव्या यंत्रावर कापून द्यायची.

"कापा," काका म्हणाले. "माझं काय जातंय? पण पहिला काप माझा."

हे काका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. वय ऐंशीच्या घरात, अंगाने सडसडीत, आवाज मात्र दोन माणसांचा. होळीसाठी जे झाड तोडतात त्यावर पहिला घाव घालायचा मान त्यांच्या घराकडे. देवापुढे गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणं मांडायचं, तेही त्यांनीच. आणि पालखी उठली की ढोलावर पहिली काठी पडते तीही त्यांच्याच उजव्या हाताची. गावात दुसरे ढोल वाजवणारे नाहीत असं नाही; पण ते वाजवायला लागले की पालखी नाचवणारे मागे वळून बघतात.

"काका, ही करवत आहे, कुऱ्हाड नाही," भाऊ म्हणाला.

"मान कुऱ्हाडीचा हाय असं कुठे लिहिलंय? मान घावाचा. घाव कशानं पण घाला."

भावाने माझ्याकडे पाहिलं. कुठे काय लिहिलं आहे हे मला माहीत असणार, असा आमच्या घरात समज आहे. पण मान कुठेच लिहिलेला नसतो. म्हणून तर तो कुणाला खोडता येत नाही. मी म्हटलं, "काकांना शेडवर येऊन एकदा बघू तर दे."

"ताई, तुला माहीत नाही..."

"काय माहीत नाही? पुस्तक मी वाचलंय. तू नाहीस."

काका आले ते अध्यक्षांच्या गाडीतून. डोक्याला फेटा, अंगात सदरा, खांद्यावर दोन्ही बाजूंनी लोंबणारं उपरणं. भावाने दारातच हात आडवा केला.

"उपरणं नाही चालायचं."

"का? ते काय चप्पल हाय, बाहेर काढून ठेवायला?"

"सैल काही पात्यात अडकलं तर माणसाला आत ओढतं, काका. फेट्याचा शेवसुद्धा खोचा. हातात अंगठी नको. आणि हातमोजे तर नकोतच."

"मोजे मी माझ्या लग्नात पण घातले नाय."

उपरण्यावर मात्र काका अडून बसले. मानकरी उपरण्याशिवाय घावाला उभा राहिला असं त्यांच्या वडिलांच्या काळी झालं नव्हतं आणि त्यांच्याही काळी होणार नव्हतं. माझा भाऊ उपरण्यासह कुणालाही यंत्राजवळ येऊ देणार नव्हता. तेही त्याच्या काळी होणार नव्हतं. दोघेही आपापल्या धर्माला जागत होते. त्यात चहा गार होत होता. शेवटी मी सुचवलं की उपरणं काकांनी आणावं, पण काप होईस्तोवर ते कुणीतरी मानाने हातात धरून उभं राहावं. काकांनी विचार केला आणि अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी लगेच दोन्ही हात पुढे केले. कोकणात एक भांडण मिटवायचं तर एक नवा मान निर्माण करावा लागतो. त्याचं भांडण पुढच्या पिढीकडे जातं.

मग तालीम झाली. भावाने यंत्राचा प्लग भिंतीतून काढून खिशात ठेवला. टाकाऊ लाकडाची एक फळी सरकत्या टेबलावर ठेवली, तिची वेडीवाकडी कड पात्याच्या बाजूला येईल अशी. दोन्ही टोकांना ती आवळली. हलते का ते काकांना स्वतः ओढून बघायला लावलं. पात्यामागची पाचर दाखवली, टोपी खाली आणून दाखवली.

"आता तुम्ही उभे राहायचं ते इथे. डावीकडे, पात्याच्या रेषेत नाही. फळी उलटली तर ती त्या रेषेत येते. डावा हात या दांड्यावर. टेबल एका लयीत पुढे ढकलायचं. थांबायचं नाही, मागे ओढायचं नाही. कापलेली कड उजवीकडे पडेल. ती पडू द्या. तिला कुणी हात लावायचा नाही."

"एवढंच? लाकडाला हात पण लावायचा नाय?"

"नाही."

"मग घाव मी घातला का तुझ्या टेबलानं?"

"कुऱ्हाड घालता तेव्हा झाडाला हात लावता का? दांड्याला लावता ना?" मी म्हटलं.

काका माझ्याकडे बघून हसले. "शिकलीस गो बाय."

त्यांनी टेबल ढकललं. एका लयीत, अगदी सुरेख. ढोल वाजवणाऱ्या माणसाला लय काय शिकवायची? टेबल पात्याच्या पुढे गेलं. आणि त्याच लयीत काकांचा मोकळा उजवा हात सहज पुढे आला, पात्याला लागून असलेल्या फळीच्या कडेवर टेकला आणि कपाळाला गेला.

मग अध्यक्ष म्हणाले, "वा!" त्यांना तो नमस्कार आवडला होता.

माझ्या भावाचा चेहरा भुशासारखा झाला. मला मात्र लहानपणीचं माळरान आठवलं. होळीच्या झाडावर काका पहिला घाव घालत, कुऱ्हाड खाली टेकवत आणि त्या ओल्या घावाला बोटं लावून कपाळाला लावत. झाडाची माफी मागायची ती. त्यांच्या वडिलांना मी तसंच करताना पाहिलं होतं. घाव आणि नमस्कार या त्यांच्या लेखी दोन गोष्टीच नव्हत्या.

"काका," भाऊ म्हणाला, "हे करायचं नाही. पातं थांबेपर्यंत नाही."

"काय करायचं नाय?"

"आत्ता हात लावलात तो."

"मी? कधी?"

पुन्हा तालीम. पुन्हा हात गेला. काकांनी या वेळी स्वतः पाहिला आणि रागावून मागे घेतला, जणू आपलं नसलेलं मांजर ताटापाशी आलं होतं. तिसऱ्यांदा त्यांनी ओठ घट्ट मिटून, मोठ्या निश्चयाने टेबल ढकललं. हात अर्ध्यावर जाऊन थांबला. थांबला हे खरं, पण अर्ध्यावर. आणि ही तालीम होती. पातं गप्प होतं, माणसं चार होती.

भावाने मला बाहेर बोलावलं. "मी नाही करू देणार. त्यांचा मान राहील आणि पंजा जाईल."

"मग नको म्हणून सांग त्यांना."

"तू सांग."

"मी वाचनालयवाली. माझं ते फक्त 'शांतता राखा' एवढंच ऐकतील."

तो चिडला. चिडला की तो मधलं बोट अंगठ्याने चोळतो, नसलेलं पेर शोधल्यासारखं. मला तेव्हा पहिल्यांदा नीट भीती वाटली. काकांचा तो हात गावाला शिमग्यात तेवढा दिसतो. त्यांना मात्र तो रोज लागतो. त्यांची बायको हयात नाही, शेत खंडाने दिलं आहे, मुलगा मुंबईला. काकांकडे उरलं आहे ते त्या हातात आहे. आणि पहिला काप नाकारला तरी तेच त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखं होणार होतं.

शेडच्या दारात रिकाम्या डब्यावर बसून काका अध्यक्षांना सांगत होते, "हाताला सांगून काय होतंय? हाताला कान नाय."

आणि मला वाटलं, हाताला सांगायचं कशाला? त्याला काम द्यावं.

"काका," मी विचारलं, "नारळ कधी फोडायचा?"

"काप झाला की गाऱ्हाणं, गाऱ्हाणं झालं की नारळ."

"मग गाऱ्हाण्याचा नारळ आधीपासून उजव्या हातात धरलात तर? कापाच्या वेळीसुद्धा. छातीशी."

काकांनी क्षणभर डोळे मिटले. परंपरेत कुठे अडचण येते का ते आत तपासत असावेत. "नारळ खाली ठेवायचा नसतोच," ते म्हणाले. "गाऱ्हाणं होईस्तो ठेवता येत नाय. बरोबर हाय."

"आणि गाऱ्हाणं किती मोठं असतं?"

"तुला केवढं पाहिजे?"

भावाने प्लग लावला, रिकामं पातं फिरवलं आणि बंद केलं. काकांनी बाजूला उभं राहून, नारळ दोन्ही हातांत धरून गाऱ्हाणं म्हटलं. देवाचं नाव, गावाची सीमा, पिकाची काळजी, मुंबईला गेलेल्या पोरांची नोकरी एवढं झालं तेव्हा पातं थांबलं होतं आणि काका अजून गुराढोरांपर्यंत पोचले नव्हते. भावाने पहिल्यांदाच एखाद्या धार्मिक गोष्टीकडे तांत्रिक आदराने पाहिलं.

ठरलेल्या दिवशी गावातून टेम्पो भरून माणसं आली. यंत्राला झेंडूची माळ घालायची होती. भावाने ती विजेच्या खोक्याच्याही पलीकडे, खिडकीला घालायला लावली. कुणीतरी टेबलावर हळदकुंकू वाहिलं, ते त्याने बोट न लावता नुसत्या डोळ्यांनी सहन केलं. बिडाच्या टेबलावर पाणी पडलं की गंज चढतो, म्हणून नारळ बाहेर पायरीवर फोडायचा हे त्याने आधीच कबूल करून घेतलं होतं. पायरीवर उभं राहून अध्यक्षांनी भाषण केलं. विज्ञान आणि परंपरा यांच्या संगमाबद्दल ते बरंच बोलले. संगमावर नेहमी होतं तसं त्यातही दोन्हीपैकी कुठलं पाणी कुठलं ते कळत नव्हतं.

फणसाची फळी टेबलावर आवळली होती. भावाने आदल्या दिवशी तिच्यात खिळा नाही ना ते तपासलं होतं. उभ्या कापाचं मोठ्या दातांचं पातं बसवलं होतं, फळीच्या जाडीपेक्षा किंचितच वर. सगळ्यांना पात्याच्या रेषेतून बाजूला केलं. काकांनी उपरणं अध्यक्षांच्या हातात दिलं, फेट्याचा शेव खोचला, नारळ छातीशी धरला आणि डावा हात दांड्यावर ठेवला.

भावाने हिरवं बटण दाबलं.

फणस कापला जाताना पिवळा धमक भुसा उडतो. यंत्राच्या नळीने तो बराचसा ओढून घेतला, तरी एक गोडसर वास शेडभर पसरला. काका टेबल ढकलत गेले. थांबले नाहीत, ओढलं नाही. वेडीवाकडी कड अलगद सुटून उजवीकडे पडली आणि फळीला सरळ, पिवळी, चकचकीत बाजू आली. भावाने लाल बटण दाबलं. आवाज उतरू लागला.

काकांनी गाऱ्हाण्यासाठी डावा हात दांड्यावरून उचलला आणि तेवढ्यात अध्यक्ष पुढे झाले. म्हाताऱ्या माणसाने किती वेळ नारळ धरायचा, अशी सद्भावना त्यांच्या मनात आली. उपरणं खांद्यावर टाकून त्यांनी हात पुढे केला. "द्या काका, मी धरतो." काकांचं लक्ष कापावर होतं. त्यांनी नारळ दिला.

उजवा हात मोकळा झाला.

भाऊ बटणापाशी होता, पलीकडे. तो ओरडला असता तर काका दचकले असते, आणि दचकलेला हात कुठे जाईल याचा नेम नसतो. काकांचा हात धरता येईल इतकी मी जवळ नव्हते. नोकरीत कधी काढला नाही तो आवाज मी काढला:

"होय महाराजा!"

हा शब्द गाऱ्हाण्याच्या शेवटी म्हणायचा. काका देवापुढे सगळं मागणं मांडतात, मग जमलेले पुरुष एका सुरात 'होय महाराजा' म्हणतात. बायका मागे उभ्या असतात. त्या मनात म्हणतात. मी पुढे होते, एकटी होते आणि गाऱ्हाणं अजून सुरूही झालं नव्हतं. सवयीने मागच्या दहाबारा जणांनीही "होय महाराजा!" म्हटलं आणि मग आपण कशाला होय म्हटलं, या विचाराने ते एकमेकांकडे बघू लागले.

काकांचा हात हवेतच थांबला. ते गर्रकन वळले, पात्याकडे पाठ करून.

"काय गो! मी अजून काय मागितलंच नाय, आणि तू होय कशाला?"

"चुकलं, काका."

"देव काय समजेल? न मागता होय? आणि ह्यो नारळ कुणी घेतला माझा?" त्यांनी अध्यक्षांच्या हातातून नारळ अक्षरशः हिसकावला, दोन्ही हातांनी धरला आणि रागाच्या भरात नेहमीपेक्षा बरंच मोठं गाऱ्हाणं घातलं. त्यात वाचनालयात आयुष्य काढूनही कशाला काय म्हणायचं ते न कळणाऱ्या लेकीबाळींना सुबुद्धी दे, असंही एक मागणं होतं. पातं केव्हाच थांबलं होतं. या वेळी "होय महाराजा" सगळ्यांनी जपून, वेळेवर म्हटलं.

भावाने पात्याकडे बघून मान हलवली. मग काकांनी नारळ डाव्या कुशीत घेतला, उजव्या हाताची बोटं त्या पिवळ्या कापावर ठेवली आणि कपाळाला लावली. कपाळावर भुसा लागला. मी ती बोटं मोजली नाहीत, पण बघितली.

उरलेले काप भावाने घेतले. सरळ झालेली कड समांतर पट्टीला लावून, शेवटचं वीतभर लाकूड ढकलायच्या काठीने पुढे सारत. बघायला कुणी थांबलं नाही. सगळे नारळाच्या खोबऱ्यापाशी गेले होते.

त्या दिवसापासून शेडमध्ये एक पद्धत पडली आहे. लाल बटण दाबलं की कामगार दोन्ही हात मागे बांधतात आणि पातं पूर्ण थांबलं की कुणीतरी हळूच "होय महाराजा" म्हणतं. मगच तुकड्यांना हात लागतो. सुरुवात त्यांनी माझी टिंगल म्हणून केली होती. भावाने ती बंद केली नाही. भिंतीवरच्या त्याच्या सूचनांपेक्षा ती जास्त पाळली जाते.

गावात मात्र माझं नाव खराब झालं. न मागता होय म्हणणारी, असं मला दोन-तीन घरी तरी ऐकवलं गेलं. खरं कारण काकांना सांगायचं नाही, असं मी आणि भावाने ठरवलं होतं. आपला हात आपलं ऐकत नाही हे एकदा तालमीत कळलं, तेवढं पुरे.

शिमग्यात पालखी आमच्या गावच्या घराच्या अंगणात आली. ढोलाचा आवाज वळणावरूनच ओळखू आला. कोण वाजवतंय ते बघायला मी बाहेरसुद्धा गेले नाही. देव नव्या बैठकीवर बसले होते, फणसाचा पिवळा अजून उतरला नव्हता. आम्ही ओटी भरली. काकांनी ढोल दुसऱ्याकडे दिला आणि आमच्या घरासाठी गाऱ्हाणं घातलं. घराला, भावाच्या धंद्याला, त्याच्याकडे काम करणाऱ्या पोरांच्या हातापायांना देवाने सांभाळावं, असं मागितलं. मग ते थांबले. पुरुषांनी तोंडं उघडली होती. काकांनी उजवा हात वर करून त्यांना गप्प केलं आणि गर्दीच्या मागे मी उभी होते तिकडे पाहिलं.

"हां बाय," ते म्हणाले. "आता म्हण."